नागपुरात कमी भाड्याच्या लॉजवर मुक्काम करताना

यवतमाळ किंवा गडचिरोलीकडील खेड्यांतून मेडिकलमधील (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील) उपचारांसाठी अथवा उच्च न्यायालयातील तारखेसाठी येणाऱ्यांनी गणेशपेठ बसस्थानकाच्या परिसरात खोली घेण्यापूर्वी ती स्वतः पाहावी. काउंटरवरचा फोटो पाहून पैसे देऊ नयेत. नळ सोडावा, दाराची कडी आतून लावून पाहावी आणि उन्हाळा असेल तर कूलर सुरू करून त्याच्या ताट्या नीट भिजतात का हे तपासावे, कारण मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना कोरडा कूलर केवळ गरम वारा फेकतो.

भाडे चोवीस तासांचे की दुपारी बारापर्यंतचे, हे आधीच विचारावे. दुसऱ्या पद्धतीत पहाटेच्या एसटीने उतरणाऱ्याला काही तासांसाठी पूर्ण दिवसाचे भाडे पडू शकते, आणि नेमके हेच व्यवस्थापक आपणहून सांगत नाहीत. अनामत रकमेची पावती घ्यावी. ओळखपत्र म्हणून शेवटचे ४ अंकच दिसणारे मास्क्ड आधार आधार देणाऱ्या यूआयडीएआय या संस्थेच्या संकेतस्थळावरून काढून न्यावे व प्रतीवर तारीख आणि कारण लिहावे. सोबत रुग्ण असल्यास तळमजल्याचीच खोली मागावी. अनेक लहान लॉजना लिफ्ट नसते.