ब्रेक दाबल्यावर गाडी थरथरते?

इंदूरहून खंडव्याकडे भेरूघाट उतरताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरत असेल, तर आधी पुढच्या डिस्क (चाकासोबत फिरणाऱ्या ब्रेकच्या चकत्या) बघा. सीट आणि पेडलच हादरत असेल तर मागचे ड्रम (मागच्या चाकांचे डब्यासारखे ब्रेक) बघा.

‘डिस्क वाकली’ असं सर्रास सांगतात. खरं तर बहुतेकदा तिची जाडी कमीजास्त झालेली असते. त्यामागे पुष्कळदा हबवरचा (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या भागावरचा) गंज असतो; त्याने डिस्क तिरकी बसते. म्हणून डिस्क काढून हब तारेच्या ब्रशने लख्ख घासा, डिस्क परत नटांनी आवळा आणि डायल गेज (बारीक डगमग मोजायचं घड्याळी माप) लावून ती फिरवा. साधारण ०.०५ मिमीपेक्षा जास्त डगमग नको. डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीखाली गेली असेल तर टर्निंग (लेथवर घासून सपाट करणं) नकोच, जोडीने बदला. कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना हाताने सहज सरकायला हव्यात. चाकाचे नट मात्र टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोरापर्यंतच आवळणाऱ्या पान्याने), समोरासमोरचे आवळा. एअर गनने कमीजास्त आवळले की थरथर परत येते.