भारी क्लासिकल गिटारचा वरचा सूर लगेच विझत असेल तर

सांगली-मिरजेकडं क्लासिकल गिटार घेऊन बसणारे थोडेच, पण ज्यांच्याकडं महागडी गिटार आहे त्यांची तक्रार एकच, पहिल्या तारेवर एखादाच सूर मोठा वाजतो आणि पटकन मरतो. लगेच तारा बदलू नका, आधी हे बघा. समजा पाचव्या फ्रेटवरचा (फ्रेट म्हणजे गिटारच्या दांड्यावरची धातूची आडवी पट्टी) ए (A) सूर मरतोय, तर तोच ए दुसऱ्या तारेवर दहाव्या फ्रेटला वाजवा. तिथंही मेला तर तो बॉडीचा रेझोनन्स, म्हणजे वरची फळी त्याच सुरावर थरथरते आणि तारेची सगळी ताकद एकदम ओढून घेते. तिथं नीट टिकला तर बहुतेक फ्रेट नाहीतर तारच खराब. खात्री करायची तर पहिली तार अर्धा सूर उतरवा, दोष सहाव्या फ्रेटवर सरकला की समजायचं बॉडीच. असं असेल तर वेगळ्या टेन्शनच्या, म्हणजे कमी-जास्त ताणाच्या तारा लावून बघा, थोडा फरक पडतो, पण फळी घासायला कुणाला देऊ नका प्लीज! तिसरी, म्हणजे G ची तार मात्र नायलॉनची जाड म्हणून मुळातच बोदी वाजते, तिथं कार्बनची (फ्लुरोकार्बन प्लास्टिकची) तार लावा, बारीक असते आणि सूर खुलतो. आणि पावसाळ्यात गिटार केसमध्येच, आर्द्रता ४५ ते ५५ टक्के, लाकूड फुगलं की आवाज दबतोच.