हळद पावडर सोडून बोला: धंद्याची आयडिया शोधताना आणि पिच करताना या चुका टाळा

सांगली-साताऱ्याकडं कुणालाही विचारा, बाबा धंदा काय करणार, तर पहिलं उत्तर हळद पावडर, दुसरं बेदाणा, तिसरं गूळ, आणि गडी साताऱ्याचा असला तर कंदी पेढा नाहीतर कासच्या रोडला हॉटेल. मी सांगलीत विश्रामबागला लोकांचे प्रोजेक्ट रिपोर्ट करून देतो, त्यामुळं ह्या आयडिया मला पाठ झाल्यात. त्या वाईट आहेत असं नाही हो, पण "आपल्याकडं माल पिकतो" एवढ्यावरच निघालेल्या असतात आणि घेणार कोण हे विचारलं की समोरचा एकदम गप्प. खाली ज्या चुका लिहिल्यात त्या सगळ्या फिरून फिरून तिथंच येतात.

माल भरपूर म्हणजे धंदा पक्का

सांगलीत हळद विकायला निघालात म्हणजे जिथं प्रत्येकाचा एक पाहुणा हळदवाला आहे तिथं तुम्ही पाकीट विकताय. आणि मार्केट यार्डात येणारी सगळी हळद आपल्या जिल्ह्याची नसते, कर्नाटक तेलंगणातूनही पोती येतात, हे यार्डात एक सकाळ थांबलं तरी कळतं. सांगलीच्या हळदीला 2018 ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय तर पोरं लगेच पिचच्या, म्हणजे समोरच्याला धंदा पटवायला केलेल्या सादरीकरणाच्या, पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात "जीआय टॅग हळद" टाकतात, अरे पण ते नाव वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते, आणि माल खरंच त्या भागातला लागतो. स्पर्धेच्या परीक्षकांत कुणी जाणकार असला तर पहिला प्रश्न हाच येणार, तुमची नोंद आहे का, आणि मग पुढचं सगळं सादरीकरण पाण्यात.

हळदच करायची असेल तर गिऱ्हाईक आधी धरा. पुण्या-मुंबईतली सोसायटी, कॅटरिंगवाले, लोणचंवाले, जो कोण असेल तो, पण नाव घेऊन सांगता आलं पाहिजे.

मशीन बघून आयडिया ठरवणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. प्रदर्शनात नाहीतर यूट्यूबवर मशीन दिसतं, फुलवातीचं, अगरबत्तीचं, कागदी प्लेटचं, आणि वर विकणारा सांगतो की कच्चा माल आम्ही देतो, तयार माल आम्हीच परत घेतो, तुम्ही फक्त घरात बसून चालवा. आता जरा डोकं चालवा, त्या मालाला खरंच एवढी मागणी असती तर त्यानं मशीनं विकली असती का स्वतःच शंभर लावून बसला असता? परत घेतो म्हणणारे पहिल्या दोन खेपेनंतर मालात खोट काढायला लागतात, क्वालिटी नाही, वजन नाही, मग फोनच उचलत नाहीत. घ्यायचंच असेल तर त्याच्याकडून वर्षभरापूर्वी मशीन घेतलेल्या दोघातिघांना स्वतः जाऊन भेटा, त्यानं दिलेल्या नंबरवर फोन करून नाही, तो नंबर त्याच्या मेव्हण्याचा असतो.

आयडिया सुचायची वाट बघत बसणं

आयडिया सुचत नसते, ती दिसते, आणि ती बघायला घराबाहेर पडावं लागतं. लोक आत्ता कशावर पैसे घालवतायत आणि घालवताना कुठं वैतागतायत, एवढंच शोधायचं. मिरजेचंच घ्या. दवाखान्यांसाठी बाहेरच्या जिल्ह्यातून, कर्नाटकातून माणसं येतात, पेशंटबरोबर एकदोघं नातेवाईक असतातच, त्यांना जेवण लागतं, आंघोळीला जागा लागते, पेशंटला बिनतिखटाची पेज नाहीतर मऊ भात लागतो आणि तो हॉटेलात मिळत नाही. कुपवाड एमआयडीसीत शिफ्ट सुटायच्या वेळेला गेटवर उभं राहा, कोण काय खातंय, कशानं घरी जातंय ते बघा. विट्याला यंत्रमागवाल्यांना विचारा कुठला पार्ट बंद पडला की माणूस लवकर मिळत नाही. एका वहीत सरळ लिहीत जायचं, कोण, कशासाठी, आत्ता किती देतो, तक्रार काय. आठवड्याभरात वही भरते आणि मग "आयडिया नाही" हा प्रश्न उरत नाही, उलट दहातली कुठली घ्यायची हा होतो. तेव्हा त्यातल्या त्यात जिथं गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा येतं ती घ्या. कासला फुलं पावसाळा सरताना काही आठवडेच असतात, त्या गर्दीवर बारा महिन्यांचं भाडं आणि दोन पोरांचा पगार निघत नाही, रिपोर्टात मात्र लोक सप्टेंबरचा गल्ला गुणिले बारा करतात!

घरच्यांना विचारून मार्केट सर्व्हे

मावशी, काका, व्हॉट्सॲप ग्रुप, सगळे म्हणणार छान आहे, कर कर. ह्याला सर्व्हे म्हणत नाहीत. "आवडेल का" असं विचारूच नका, विचारा शेवटचं कधी घेतलं होतं, कुठून, किती दिले, आणि त्यात काय पटलं नाही. आणि जमलं तर तिथल्या तिथं दहा पाकिटांची आगाऊ ऑर्डर मागा, तोंडावरचा रंग लगेच कळतो.

हिशोबात स्वतःला फसवणं

इथं जरा थांबतो, कारण पिच पडते ती नव्वद टक्के इथंच. भडंगाचं उदाहरण घेऊ, आकडे समजण्यापुरते धरा, तुमचे तुम्ही काढायचे. 200 ग्रॅमचं पाकीट, छापील किंमत 60. दुकानदार वीस टक्के ठेवणार, म्हणजे 12 गेले, हातात 48. चुरमुरे, शेंगदाणे, तेल, लसूण, मसाला मिळून 22, पाऊच आणि लेबल 4, गॅस आणि मजुरी 7, पोचवायचं पेट्रोल 3, झाले 36. लोक इथं थांबतात आणि म्हणतात पाकिटामागं 12 रुपये सुटतात. पण शंभरातली पाच पाकिटं मऊ पडली म्हणून परत येणार, त्यांचा खर्च झालेलाच आहे, म्हणजे 95 पाकिटांचे 4,560 आले, खर्च 3,600, उरले 960. पाकिटामागं साडेनऊच्या आसपास. त्यातून जागेचं भाडं, लाईटबिल, कर्जाचा हप्ता आणि तुमचा स्वतःचा पगार अजून जायचाय, आणि हा स्वतःचा पगार तर कुणीच धरत नाही.

पुढचं आणखी वाईट. दुकानदार महिन्याभरानं पैसे देतो. रोज 200 पाकिटं काढलीत तर महिन्याला 6,000, गुणिले 36, म्हणजे 2 लाख 16 हजार रुपये बाजारात अडकले आणि तुम्हाला दुसऱ्या महिन्याचा शेंगदाणा तर आणायचाय. कर्ज मागताना सगळं मशीनसाठी मागतात आणि खेळतं भांडवल विसरतात, मग मशीन चकाचक आणि पोतं आणायला पैसे नाहीत.

एकच पिच सगळीकडं

बँक मॅनेजर, कॉलेजच्या स्पर्धेतले परीक्षक, गुंतवणूकदार आणि गणपती पेठेतला होलसेलर, चौघांना एकच प्रेझेंटेशन दाखवून चालत नाही. बँकेला तुम्ही पाच वर्षांत देशभर जाणार ह्यात काडीचा रस नसतो, तिला हप्ता कशातून येणार, तुमचे स्वतःचे किती, कोटेशन कुठाय, जागेचा करार आहे का, हे पाहिजे. गुंतवणूकदाराला वाढ दिसली पाहिजे. होलसेलर विचारणार मार्जिन किती आणि एक्सपायरीचा माल परत घेणार का, बास.

आणि दोन वाक्यं कायमची काढून टाका. एक, "भारताची लोकसंख्या 140 कोटी, त्यातले एक टक्का जरी आले तरी". दुसरं, "आम्हाला कॉम्पिटिशनच नाही". कॉम्पिटिशन कायम असतं, कुणी नसेल तर गिऱ्हाईक घरीच करून खातंय, ते तुमचं कॉम्पिटिशन. सुरुवातीला आजी कशी भडंग करायची ह्यावरही पाच मिनिटं घालवू नका, एका वाक्यात कोण गिऱ्हाईक, त्याची अडचण काय, आत्तापर्यंत किती जणांनी पैसे देऊन घेतलं ते सांगा, आजी नंतर.

सबसिडीवर प्लॅन उभा करणं

पीएमईजीपीसारख्या, म्हणजे नव्या धंद्याच्या कर्जावर केंद्र सरकार सबसिडी देतं अशा, योजनेत सबसिडी रोख हातात पडत नाही. ती बँकेत तुमच्या नावानं तीन वर्षं ठेवीत बसते, तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही आणि युनिट चालू राहिलं तर नंतर कर्जात वळती होते. सर्वसाधारण गटात स्वतःचे दहा टक्केही घालावे लागतात. त्यामुळं "35 टक्के माफ आहे" असं धरून हप्ता काढू नका, सबसिडी शून्य धरून धंदा चालतोय का ते आधी बघा.

अडकलं तर

समोरचा "बघू, कळवतो" म्हणाला तर तो बहुतेक नाहीच म्हणालाय. तिथंच विचारा, साहेब कुठला आकडा पटला नाही? दहातले आठ जण खरं सांगतात. प्रश्नाला उत्तर आलं नाही तर ठोकून देऊ नका, "काढून दोन दिवसांत सांगतो" म्हणा आणि खरंच सांगा. बँकेत फाईल पडून असेल तर रोज चकरा मारून काही होत नाही, काय कमी आहे ते लेखी मागा, बऱ्याचदा जुनं कोटेशन नाहीतर सहीविना करार एवढंच निघतं. आणि उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, सरकारी पोर्टलवर फुकट आहे, त्याचे हजार-दोन हजार मागणारा भेटला तर फाईल उचला आणि चालू लागा.