टाइपस्क्रिप्ट असूनही बेरीज चुकते, आकडे एकमेकांना चिकटतात (सुटलं!)

लातूरच्या एका आडतीसाठी आम्ही चौघं काटापट्टीचं अ‍ॅप करतोय. सोयाबीनचे 50.20 आणि 48.50 किलोचे दोन कट्टे, एकूण वजन दिसायचं 050.2048.50. टाइपस्क्रिप्टचा (जावास्क्रिप्टवर टाइपची तपासणी चढवणारी भाषा) स्ट्रिक्ट मोड, म्हणजे कडक तपासणी, ऑन केला, एकही एरर नाही. एका जागी नंबर करून घेतलं तर दुसऱ्याच्या स्क्रीनवर पुन्हा तेच. तीन दिवस लई डोकं खाल्लं.

कारण असं की पोस्टग्रेस डेटाबेसचा न्यूमेरिक (दशांश आकड्यांचा) कॉलम नोडचा (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारा) पीजी ड्रायव्हर (डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी) स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, म्हणून देतो (मजकुराला + केलं की तो चिकटतो), अचूकता जाऊ नये म्हणून, आणि आपण इंटरफेसमधी (कोणत्या माहितीचा टाइप काय ते लिहितो तिथं) वजन नंबर लिहिलं की कंपायलर ते खरं धरतो, कोड चालताना कोणीच तपासत नाही.

आधी क्वेरीतून आलेल्या वजनाचं टाइपऑफ (त्याचा टाइप सांगणारं) प्रिंट करा. स्ट्रिंग दिसलं की कनेक्शनच्या फाइलीत, पहिल्या क्वेरीच्या आधी, पीजीच्या सेटटाइपपार्सरला 1700 (न्यूमेरिकचा ओआयडी, म्हणजे पोस्टग्रेसमधला टाइपचा क्रमांक) आणि पार्सफ्लोट (स्ट्रिंगचा नंबर करणारं फंक्शन) द्या. मग झॉडचा (कोड चालताना डेटा तपासणारी लायब्ररी) स्कीमा लिहून प्रत्येक रो त्यातून पार्स करा, हाताने लिहिलेला इंटरफेस काढूनच टाका, टाइप स्कीमातून इन्फर करा, म्हणजे आपोआप काढून घ्या. नंतर सीआयमधी (कोड पाठवला की आपोआप होणारी तपासणी) टीएससी नोएमिट (फाइल न बनवता फक्त टाइप तपासणारी कमांड) लावा, फेल झालं तर मर्ज बंद.

एक जपा, हा पार्सर सगळ्याच न्यूमेरिक कॉलमला लागतो आणि त्यात अचूकता जाऊ शकते, म्हणून पट्टीची रक्कम आम्ही पैशांत करून इंटिजरमधी ठेवली.