मद्यमुक्तीची मीटिंग शोधताना या चुका टाळा

दारू सोडायची असे मनाशी ठरते, कोणीतरी ‘एए’चा, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या मद्यपींनी एकमेकांना सावरण्यासाठी चालवलेल्या संघटनेचा, पत्ता देते, आणि तरीही माणूस पहिल्या मीटिंगपर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी घरचे लोक इच्छाशक्तीला दोष देऊन मोकळे होतात. प्रत्यक्षात पत्ता हाती येणे आणि त्या खोलीतल्या खुर्चीवर जाऊन बसणे यांदरम्यान काही ठरावीक ठिकाणी पाऊल अडखळते.

यातली सर्वांत धोकादायक चूक गैरसमजातून होते. ‘आधी चार दिवस कोरडे राहून दाखवतो, मग मीटिंगला जातो’ असे अनेक जण ठरवतात. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची अशी अट नाही. १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरात एक शेअर दलाल आणि एक शल्यचिकित्सक, दोघेही मद्यपी, एकमेकांशी बोलून सावरले आणि त्यातून ही संघटना उभी राहिली. तिच्या सदस्यत्वासाठी पिणे थांबवण्याची इच्छा एवढीच एक गोष्ट लागते. उलट अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकाएकी दारू तोडली, तर हात थरथरणे, घाम आणि निद्रानाश यांवरच भागेल याची खात्री नसते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि त्यानंतर भास, भ्रम होऊन जिवावर बेतू शकते. दारू बंद करण्याचे वैद्यकीय काम डॉक्टरांचे आणि बंद राहण्याला सोबत देण्याचे काम मीटिंगचे, ही वाटणी आधीच स्पष्ट असावी.

याच गल्लतीची दुसरी बाजू म्हणजे मीटिंगला व्यसनमुक्ती केंद्र समजणे. पुण्याचे मुक्तांगण हे १९८६ साली सुरू झालेले व्यसनमुक्ती केंद्र आहे. तेथे दाखल होऊन उपचार घेता येतात. एएच्या ग्रुपकडे मात्र खाटा नसतात, डॉक्टर नसतात आणि फीसुद्धा नसते. शेवटी फिरणाऱ्या पिशवीत सदस्य स्वेच्छेने पैसे टाकतात, त्यातून जागेचे भाडे आणि चहा निघतो. एएच्या नावावर कोणी प्रवेश शुल्क मागत असेल, तर ती जागा एएची नव्हे. शोध घेताना ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिरातीही समोर येतात. अनोळखी पूड कोणाच्या जेवणात गुपचूप मिसळणे हा उपचार नाही. तीत दारूशी रिअ‍ॅक्शन देणारे औषध असेल आणि त्यावर तो माणूस प्यायला, तर त्याचा जीव धोक्यात येतो.

पत्त्याची चूक साधी वाटते, पण अनेकांची पहिली संध्याकाळ तिच्यापायीच वाया जाते. ग्रुपची स्वतःची इमारत सहसा नसते. शाळेचा वर्ग, चर्चचे सभागृह अशी जागा आठवड्यातील ठरावीक वेळेपुरती घेतलेली असते. परीक्षा किंवा निवडणूक आली की ती हलू शकते. अनामिकता पाळायची असल्याने बाहेर ठळक फलक असेलच असे नाही. आधीच धाकधूक असलेला माणूस बंद फाटकापाशी पाच मिनिटे उभा राहतो आणि परततो. वाटेत गुत्ता असतोच. म्हणून कोठल्या तरी जुन्या यादीवर विसंबू नये. त्याच दिवशी फोन करून कोणते फाटक, कोणता मजला आणि कोणत्या भाषेत मीटिंग चालते हे विचारावे. शक्य असल्यास एखाद्या सदस्याला दाराशी भेटण्याची विनंती करावी. ही विनंती करताना संकोच वाटायला नको.

मीटिंग खुली आहे की बंद, हेही फोनवरच विचारावे. बंद मीटिंग केवळ ज्यांना स्वतःला पिण्याची समस्या आहे त्यांच्यासाठी असते. पत्नी, आई किंवा मित्र सोबत येणार असतील तर खुली मीटिंग निवडावी लागते. घरच्यांसाठी १९५१ पासून अल्-अनॉन ही वेगळी संघटना आहे. पती मीटिंगला यायला तयार नसला, तरी पत्नीने तेथे जाण्यात काहीच अडचण नाही, आणि हे फार कमी घरांना माहीत असते.

ओळखीचे कोणी भेटेल या भीतीने शहराच्या दुसऱ्या टोकाचा ग्रुप निवडणे समजण्यासारखे आहे. मात्र दोन लोकल बदलून जावे लागणारी मीटिंग पावसाळ्यात सुटते. शिवाय ओळखीचे जे कोणी तेथे भेटेल, ते स्वतःही त्याच कारणासाठी आलेले असते.

एकाच मीटिंगवरून निकाल देणे ही चूक शिकलेल्या मंडळींकडून अधिक होते. प्रार्थना ऐकून कोणी बिचकतो, कोणाला शेअरिंग, म्हणजे सदस्यांनी आपापले अनुभव सांगणे, रडके वाटते. ईश्वराचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या समजुतीप्रमाणे लावावा, अशी मोकळीक एएच्या बारा पायऱ्यांतच, म्हणजे सावरण्यासाठीच्या तिच्या कार्यक्रमातच, दिलेली आहे, आणि दोन ग्रुपांचा स्वभाव क्वचितच सारखा असतो; तीन-चार ठिकाणी जाऊन पाहावे. बोलण्याची सक्ती नसते, ‘आज फक्त ऐकतो’ एवढे म्हटले तरी चालते. मात्र मीटिंग संपताच निघून जाऊ नये. नंतरच्या चहाच्या वेळी जो फोन नंबर मिळतो, तो रात्री अकरा वाजता तलफ आल्यावर उपयोगी पडतो.

तालुक्यात ग्रुपच नसेल, तर ऑनलाइन मीटिंगचा आधार घ्यावा. परदेशात मराठीतून बोलायची सोय शोधणाऱ्यांनाही तोच मार्ग जवळचा आहे. व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलि-मानस १४४१६ या दोन्ही सेवा निःशुल्क आहेत. तेथे फोन करताना आपला जिल्हा, रोजचे पिण्याचे प्रमाण आणि शेवटचे कधी प्यायलो हे सांगण्याची तयारी ठेवावी.