कॅम्पर व्हॅनच्या मागे छोटी मोटारसायकल कशी न्यावी

कॅम्पर व्हॅन मुक्कामाच्या जागी एकदा लावली, की ती हलवणे जिवावर येते. तंबूचे छत उघडलेले असते, गॅसवर चहा असतो, आणि नेमके तेव्हाच दूध, औषध किंवा पेट्रोल आणायला जायचे असते. पन्हाळ्याच्या अरुंद वाटा, मसाई पठाराकडे जाणारा कच्चा रस्ता किंवा अंबाबाईच्या देवळाभोवतालच्या गल्ल्या मोठ्या गाडीसाठी नाहीत. म्हणून व्हॅनच्या मागे एखादी छोटी दुचाकी असावी, असे अनेकांना वाटते आणि ते योग्यही आहे. मात्र कोल्हापुरात हे काम करून घेणे इतके सोपे आहे, की त्या सोपेपणातच धोका आहे. उद्यमनगरात सकाळी गाडी लावली तर संध्याकाळपर्यंत कोणीही चांगला कारागीर मागे लोखंडी कॅरिअर जोडून देईल. पण ते लोखंड कोणाच्या आधारावर उभे आहे आणि त्याने गाडीच्या चाकांवरचा भार कसा बदलला, हे त्याला कोणी विचारत नाही आणि तोही सांगत नाही. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की वेल्डरकडे जाण्यापूर्वी गाडी वजनकाट्यावर न्यावी.

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीच्या परिसरात वजनकाटा सहज मिळतो. गाडी रिकामी नव्हे, तर प्रवासाला निघताना असते तशी न्यावी. म्हणजे पाण्याची टाकी भरलेली, डिझेल भरलेले, गॅसची टाकी, अंथरुणे आणि घरची माणसेही आत बसलेली असावीत. आधी पूर्ण गाडीचे वजन घ्यावे, मग केवळ पुढची चाके काट्यावर ठेवून आणि शेवटी केवळ मागची चाके ठेवून. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा काट्यावरच्या माणसाला हे जरा विचित्र वाटले, पण हेतू समजल्यावर त्यानेच खिडकीतून हात दाखवत सांगितले, "पाव्हणं, पुढची चाकं घाला आणि गाडी बंद करा, मग आकडा थांबतोय." मिळालेले आकडे कंपनीच्या पुस्तिकेतील प्रत्येक एक्सलच्या, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या चाकांच्या जोडीला धरणाऱ्या आसाच्या, कमाल भारमर्यादेशी ताडून पाहावेत. मागच्या एक्सलवर पुरेशी जागा उरत नसेल, तर कॅरिअरचा विचार तेथेच थांबवावा किंवा आतले सामान कमी करावे.

पुरेशी म्हणजे किती, हे समजण्यासाठी साधी तरफ डोळ्यांसमोर आणावी. मागच्या एक्सलच्याही मागे टांगलेले वजन केवळ मागे बसत नाही, ते पुढची चाके उचलू पाहते. उदाहरणादाखल दुचाकी ११० किलो आणि कॅरिअर ४० किलो, असे एकूण १५० किलो वजन धरू. गाडीच्या दोन एक्सलमधले अंतर ३.५ मीटर आहे आणि हे वजन मागच्या एक्सलपासून १.७५ मीटर मागे आहे. १५० ला १.७५ ने गुणून ३.५ ने भागले, की ७५ येतात. याचा अर्थ पुढच्या चाकांवरचा भार ७५ किलोने कमी होतो आणि मागच्या एक्सलवर १५० नव्हे, तर २२५ किलो वाढतात. पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंग सैल वाटू लागते आणि ओल्या घाटरस्त्यावर वळताना पकड कमी पडते. टाटा विंगरमध्ये इंजिनाची ताकद पुढच्याच चाकांना जाते, त्यामुळे तेथे हा परिणाम चढावरही जाणवतो. फोर्स ट्रॅव्हलरची मागची चाके गाडी ढकलतात, त्यामुळे चढाची चिंता कमी असली तरी स्टिअरिंगची चिंता तेवढीच राहते. पाण्याची टाकी आणि जादा बॅटरी मागच्या एक्सलच्या पुढे सरकवता आली, तर या बिघडलेल्या तोलाची बरीच भरपाई होते. टाकीतले १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो वजन, हे आपण सहज विसरतो.

दुचाकीची निवडही याच हिशेबाने करावी. स्प्लेंडर सुमारे ११२ किलोची आणि अंदाजे २ मीटर लांबीची असते. टीव्हीएस एक्सएल १०० मात्र नव्वद किलोच्या आत बसते आणि लांबीलाही थोडी कमी आहे. आपल्याकडे वैरणीचा भारा आणि दुधाची किटली वाहणारी हीच गाडी या कामाला मला सर्वांत योग्य वाटते, आणि त्याचे कारण केवळ वजन नाही. तिचे दोन्ही ब्रेक हँडलवर आहेत, त्यामुळे तिला ढकलत फळीवरून चढवताना शेजारी चालणाऱ्या माणसाला दोन्ही चाके हातानेच रोखता येतात. स्प्लेंडरचा मागचा ब्रेक पायात असतो आणि नेमका त्या क्षणी पाय तेथे पोहोचत नाही. मोठ्या स्कूटरला पट्टे अडकवायला उघडी चौकट नसते, म्हणून ती शक्यतो टाळावी.

आता कायद्याविषयी, कारण हा भाग पुढे ढकलण्यासारखा नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल, असा बदल मालकाला करता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९३ नुसार मागच्या एक्सलच्या मागे येणारा भाग दोन एक्सलमधील अंतराच्या ६० टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये. वरच्या उदाहरणात ही मर्यादा २.१ मीटर येते. गाडीची पाठ मागच्या एक्सलपासून १.३५ मीटरवर, दुचाकीच्या हँडलची निम्मी रुंदी ३६ सेंटिमीटर आणि दोघांमधली फट चार सेंटिमीटर धरली, तर दुचाकीचा मध्य १.७५ मीटरवर येतो आणि हँडलचे बाहेरचे टोक २.११ मीटरवर. केवळ एका सेंटिमीटरने मर्यादा ओलांडली जाते. हँडल एका बाजूला वळवून बांधले, की हे अंतर कमी होते, पण ते चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर, चॅनेल, म्हणजे दुचाकीची चाके बसणारी लोखंडी पन्हळ, जोडण्यापूर्वी मोजलेले असावे. याशिवाय ठरलेल्या मर्यादेबाहेर भार पुढे-मागे किंवा बाजूला काढल्यास कलम १९४ मध्ये २०,००० रुपयांच्या दंडाची तरतूद आहे. म्हणून कॅरिअर वेल्ड न करता बोल्टने जोडलेले, काढता येईल असे असावे, आणि काम सुरू करण्यापूर्वी त्याचे मोजमापासह रेखाचित्र घेऊन आरटीओ कार्यालयात लेखी विचारणा करावी. गाडीच्या मागच्या दारातून संकटकाळी बाहेर पडण्याची सोय असेल, तर ती वाट अडवू नये. विमा कंपनीलाही कळवून ठेवावे.

जोडणीबाबत एक गोष्ट मी स्वतः चुकवली आहे. माझे पहिले कॅरिअर एका कारखान्याने बंपरच्या पट्ट्यांनाच जोडून दिले होते आणि दिसायला ते फार मजबूत होते. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना मागून टक्क-टक्क असा आवाज येऊ लागला. थांबून वाकून पाहिले, तर बंपरची डावी पट्टी बोल्टच्या भोकापासून दोन बोटे फाटली होती आणि दुचाकीचे सगळे वजन उजवीकडे लोंबत होते. बंपर धक्का झेलण्यासाठी असतो, ओझे पेलण्यासाठी नव्हे. कॅरिअरचे दोन्ही दांडे चासीच्या लांब बीमला, बीमवरून किमान अर्धा मीटर पुढपर्यंत गेलेले आणि प्रत्येक बाजूला किमान तीन बोल्टनी जोडलेले असावेत. बोल्ट १२ मिलिमीटरचे आणि माथ्यावर ८.८ हा आकडा असलेले घ्यावेत. नट नायलॉनचे कडे असलेले असावेत, आणि पातळ पत्र्याच्या पोकळ बीमला आतून नळीचा किंवा जाड पट्टीचा आधार दिल्याशिवाय बोल्ट आवळू नयेत, अन्यथा बीम चेपते आणि बोल्ट सैल पडतात. चासीवर वेल्डिंग करू देऊ नये. चासीखाली स्टेपनी असल्यास ती कॅरिअर न काढता निघते का, हे कारखान्यातच करून पाहावे.

दुचाकी उभी राहणारा चॅनेल टायरपेक्षा थोडाच रुंद असावा आणि पुढच्या चाकासाठी त्याच्या टोकाला अडसर असावा. यापुढचा मुद्दा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. टेम्पोच्या हौद्यात दुचाकी लांबीच्या दिशेने उभी असते, त्यामुळे ब्रेक लागला की ती पुढच्या चाकावर रेटली जाते. कॅरिअरवर ती आडवी असते. येथे व्हॅनचा प्रत्येक ब्रेक तिला कुशीवर पाडू पाहतो आणि चॅनेल तिला केवळ टायरपाशी धरून ठेवतो. म्हणून फक्त खाली ओढणारे पट्टे पुरत नाहीत. व्हॅनच्या बाजूला चॅनेलमधून वर आलेला, दुचाकीच्या चौकटीच्या उंचीचा एक खांब हवा आणि त्यावर जाड रबर गुंडाळलेले हवे. बाहेरचा पट्टा या खांबाशी दुचाकीची चौकट घट्ट ओढून धरतो आणि तिला कोणत्याही बाजूला कलंडायला जागा उरत नाही.

चढवताना व्हॅन सपाट जागी लावून हँडब्रेक ओढावा, गिअर टाकावा आणि चाकांना दगड लावावेत. फळी किमान दोन मीटर लांब, पृष्ठभाग खरबरीत, आणि तिचे वरचे टोक चॅनेलला पिनने अडकवलेले असावे, कारण फळी घसरते ती नेहमी पुढचे चाक वर पोहोचल्यावर. इंजिन सुरू करून चढवण्याचा मोह टाळावा. एकाने हँडल धरावे आणि दुसऱ्याने मागून ढकलावे. त्यानंतर आरसे काढून ठेवावेत आणि दुचाकी स्टँडवर नव्हे, तर चाकांवर उभी ठेवावी. हँडलच्या खालच्या टी-पासून, म्हणजे दोन्ही शॉकअब्जॉर्बर धरणाऱ्या आडव्या तुकड्यापासून, दोन पट्टे खाली ओढून पुढचे शॉकअब्जॉर्बर साधारण एक तृतीयांश दाबले जातील एवढेच आवळावेत. ते पूर्ण दाबले तर ऑइल सील फुटतात आणि खड्ड्यातला झटका थेट पट्ट्यावर येतो. मागच्या चौकटीला दोन पट्टे आणि खांबाकडे ओढणारा एक, असे पाच रॅचेट पट्टे, म्हणजे दातेरी कळीने आवळायचे पट्टे, पुरतात. प्रत्येकाच्या चिठ्ठीवर लिहिलेली कामाची क्षमता निदान दुचाकीच्या वजनाएवढी असावी. पट्टा लोखंडाच्या धारेवरून जात असेल, तर तेथे जुन्या ट्यूबचा तुकडा घालावा.

व्हॅनचे मागचे दिवे आणि नंबरप्लेट दुचाकीआड जात असतील, तर कॅरिअरच्या बाहेरच्या कडेला दिव्यांची स्वतंत्र पट्टी बसवावी. नंबरप्लेट मात्र मूळ जागीच स्पष्ट दिसत राहील, अशीच कॅरिअरची उंची ठरवावी. व्हॅनच्या सायलेन्सरचा धूर दुचाकीच्या टायरवर येत नाही, हेही पाहावे. दुचाकीवर कव्हर घालू नये, ते वाऱ्याने शिडासारखे फुगते आणि पट्टे ढिले करते.

निघण्यापूर्वी पुन्हा काट्यावर जाऊन पुढच्या चाकांचा आकडा पाहावा. मागच्या टायरमधली हवा भारानुसार वाढवावी आणि हेडलाइटचा झोत खाली घ्यावा, कारण पाठ दबली की झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. कोल्हापुरातून गगनबावड्याच्या रस्त्याला लागल्यावर मी बालिंग्याचा पूल ओलांडून पहिल्यांदा थांबतो, मग कळ्याला, आणि घाट उतरण्यापूर्वी गगनबावड्यात. पहिल्या थांब्यावर पट्टे हमखास अर्धा दात ढिले झालेले असतात. गतिरोधक तिरके न घेता सरळ आणि अगदी सावकाश घ्यावेत, कारण मागे लोंबणारा भाग चाकांपेक्षा कितीतरी जास्त हिंदकळतो.

परत आल्यावर कॅरिअर धुऊन, कोरडे झाल्यावर वेल्डिंगच्या सांध्यांवर बॅटरी मारून पाहावे. रंगात केसाएवढी भेग आणि तिच्यातून उतरलेली तांबूस रेष दिसली, तर तो सांधा आतून उलू लागला आहे. बोल्टच्या वायसरभोवती चकचकीत कडे दिसले, तर तो बोल्ट हलतो आहे. असा बोल्ट नुसता आवळून पुन्हा वापरू नये, तो नटासह बदलावा.