केसांच्या आधी हाडं बघा: प्राण्यांची चित्रं काढायला लागलेल्यांसाठी

नवीन शिकणारं कुणीही भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला, ताई ते फर कसं काढता, कुठली पेन्सिल, कुठला ब्रश. आणि मला दरवेळी माझं पैसे घेऊन केलेलं पहिलं काम आठवतं. एका लॅब्रेडॉरचं पोर्ट्रेट होतं, तीन आठवडे रोज रात्री बसून मी अक्षरशः एकेक केस काढला, नाकावरचा ओलसरपणा, डोळ्यातली चमक, सगळं, आणि नेऊन दिलं तर ज्यांचा कुत्रा होता त्या काकू बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "छान काढलंयस गं, पण हा आमचा नाही वाटत."

घरी येऊन फोटो शेजारी ठेवला तेव्हा दिसलं. त्याचा डावा कान मुळातच जरा खाली होता आणि मी माझ्याही नकळत दोन्ही कान एका लेव्हलला आणून ठेवले होते. म्हणजे कुत्र्याला मी सुधारून टाकलं होतं! केस सगळे बरोबर, कुत्रा भलताच.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे की फर ही शेवटची गोष्ट आहे. आधी सांगाडा, मग त्या एका प्राण्याची ठेवण, मग उजेड, आणि हे सगळं जमलं तर केस थोडे कमी काढले तरी चालतं, उलट बरं दिसतं.

सांगाड्याचं म्हटलं की लोक घाबरतात, पण सुरुवातीला एकच गोष्ट डोक्यात बसवा. कुत्रा, मांजर हे बोटांवर चालतात. मागच्या पायाला जो उलटा वाकलेला सांधा दिसतो आणि ज्याला आपण गुडघा समजतो तो गुडघा नाहीच, ती टाच आहे, खरा गुडघा वर पोटाजवळ असतो. घोड्याच्या पुढच्या पायाचा "गुडघा" म्हणजे त्याचं मनगट, आणि तो चालतो प्रत्येक पायाच्या एकाच बोटाच्या टोकावर, खूर म्हणजे त्याचं नख. मी स्वतः चार पायांवर ओणवी होऊन, टाचा उचलून, आरशात बघून हे समजून घेतलंय, घरचे हसले, हसू देत. मांजराचं अजून एक, तिचं गळपट्टीचं हाड दुसऱ्या हाडाला जोडलेलं नसतं, खांदे स्नायूंवरच टांगलेले असतात, म्हणून ती दबकत चालली की खवाटे पाठीच्या वर येतात. हे माहीत नसेल तर तुम्ही तिथे नुसती एक गुळगुळीत लाइन काढता आणि मग ती मांजर उशीसारखी दिसते. आणि बोटं मोजा, मांजराला पुढे पाच-पाच, मागे चार-चार.

जॉर्ज स्टब्ज नावाच्या इंग्लिश चित्रकाराने तर दीड वर्ष एका शेतघरात मेलेले घोडे टांगून, थर थर सोलून अभ्यास केला होता, त्यावरचं पुस्तक १७६६ मध्ये आलं. त्याचं व्हिसलजॅकेट नावाच्या घोड्याचं चित्र कधी स्क्रीनवर का होईना बघा, मागे काही नाही, गवत नाही आकाश नाही, नुसता घोडा, आणि तरी तो हवेत तरंगत नाहीये, वजन कळतं. आपल्याला घोडे सोलायची गरज नाही हो. पशुवैद्यकीय कॉलेजातली मुलं जी अ‍ॅनाटॉमीची पुस्तकं वापरतात त्यातली आकृती समोर ठेवून, आपल्या फोटोवर ट्रेसिंग पेपर टाकून आतली हाडं काढून बघायची, रोज एक, महिनाभर, बस.

पण फोटोवरच राहू नका. जिवंत प्राणी समोर बसून काढणं ही वेगळीच गोष्ट आहे आणि सुरुवातीला ती भयंकर चिडचिड आणते, कारण तुम्ही डोकं काढेपर्यंत तो उठून गेलेला असतो. यावर युक्ती अशी की एका पानावर एकच चित्र धरून बसायचं नाही, पाच-सहा सुरू करायची. हलला की दुसरं. प्राणी त्याच त्याच पोझमध्ये परत येतात, कुत्रा कूस बदलून पुन्हा तसाच पसरतो, पिंजऱ्यातला प्राणी तीच फेरी मारतो, मग अर्धवट सोडलेल्या चित्राकडे परत जायचं. वीस-तीस सेकंदात पाठीचा कणा, डोक्याचा कोन, वजन कुठल्या पायावर आहे एवढंच. तोंड-बिंड काही नको. माझ्या वह्यांमध्ये निम्मी पानं नुसत्या वळणांची आहेत, दुसऱ्या कुणाला ती रेघोट्याच वाटतील. झोपलेल्या मांजरापासून सुरू करा, तिच्याइतकं सहनशील मॉडेल नाही. रोझा बॉनर ही फ्रेंच चित्रकार पॅरिसच्या घोडेबाजारात आठवड्यातून दोनदा, असं दीड वर्ष जाऊन स्केच करायची, लोकांनी त्रास देऊ नये म्हणून पुरुषांच्या कपड्यात, आणि मग ते पाच मीटर रुंदीचं 'द हॉर्स फेअर' झालं, १८५५ मध्ये पूर्ण. मला त्या दीड वर्षाचं जास्त अप्रूप वाटतं.

आणि नुसत्या डोळ्यांवर पण भरवसा नको. १८७८ मध्ये मायब्रिज नावाच्या फोटोग्राफरने रांगेत कॅमेरे लावून पळत्या घोड्याचे फोटो काढले तोपर्यंत भलेभले चित्रकार भरधाव घोडा पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणलेला असाच काढायचे. प्रत्यक्षात चारही खूर हवेत असतात तेव्हा पाय पोटाखाली गोळा झालेले असतात. म्हणजे डोळाही फसवतो आणि फोटोही फसवतो, दोन्हीची सवय लागते हळूहळू.

फोटो कसा फसवतो ते सांगते कारण पाळीव प्राण्यांच्या कामात ९० टक्के वेळा तुम्हाला फोनवरचा फोटोच मिळणार आहे. लोक जवळ जाऊन, वरून, फोन तोंडासमोर धरून काढतात, त्यामुळे नाक मोठं, डोकं फुगलेलं आणि मागे अंग एवढंसं. तसंच्या तसं उतरवलं तर कार्टून होतं. म्हणून मी आता आधीच सांगते, खाली बसा, प्राण्याच्या डोळ्यांच्या लेव्हलला या, थोडं लांब राहून झूम करा, फ्लॅश बंद, खिडकीचा उजेड एका बाजूने येऊ दे. फ्लॅशमध्ये डोळे हिरवे-पिवळे चमकतात कारण आत प्रकाश परत फेकणारा एक थर असतो, तिथे खरा रंग कळतच नाही. आणि एक फोटो नको, दहा-बारा पाठवा, वाईट असले तरी चालतील, त्यातलेच कधीकधी कामाचे निघतात, शेपटी कशी धरतो वगैरे. ड्यूरर नावाच्या जर्मन चित्रकाराने १५१५ मध्ये गेंडा न बघता, दुसऱ्याने केलेल्या वर्णनावरून आणि स्केचवरून काढला होता आणि त्याच्या मानेवर एक जास्तीचं छोटं शिंग आलं, अंगावर चिलखताचे पत्रे असल्यासारखे. चित्र म्हणून जबरदस्त आहे ते, पण काकूंच्या लॅब्रेडॉरला शिंग आलेलं चालणार नाही ना. हो, आणि इंटरनेटवरून उचललेला फोटो जसाच्या तसा काढून विकू नका, फोटो काढणाऱ्याचा कॉपीराइट असतो, परवानगी घ्या किंवा मोकळ्या लायसन्सचे फोटो वापरा.

बरं, आता फर. प्रश्न विचारलाच आहे तर. केस काढायच्या आधी नुसते बाण काढून बघा, केस कुठल्या दिशेला चाललेत त्याचे. नाकापासून सुरू होऊन कपाळावरून मागे, गालांवरून बाहेर, छातीवर भोवरा असतो, कोपराच्या मागे दिशा बदलते. हा नकाशा झाला की अर्धं काम झालं. मग मोठे टोन, उजेड आणि सावली, डोळे बारीक करून बघितलं की जे दिसतं तेवढंच. केस फक्त कडेला आणि जिथे उजेडातून सावलीत जातो तिथे, बाकी बघणाऱ्याचा मेंदू भरून काढतो. पांढरा कुत्रा पांढऱ्या रंगाने काढायचा नसतो, त्याच्या सावल्यांमध्ये निळा, जांभळट, खाली जमीन तांबडी असेल तर पोटाखाली तो तांबूसपणा, खरा पांढरा म्हणजे दोन-चार ठिकाणी. काळ्या मांजराचंही तसंच, ट्यूबमधला काळा फासला की कागदाला भोक पडल्यासारखं दिसतं.

डोळ्यांचं एकच सांगते, वरच्या पापणीची सावली बुबुळावर पडते ती काढा. ती नसली की डोळे बटणासारखे दिसतात. आणि मांजराची बाहुली उभी फट, शेळीची आडवी, पण वाघ-सिंहाची गोल, हे बघून घ्या, उभ्या फटीचे वाघ मी पण काढलेत.

सामानावर सुरुवातीला पैसे उडवू नका. एचबी, टूबी, फोरबी, सिक्सबी अशा चार पेन्सिली, एक ते पिठाच्या गोळ्यासारखं मळता येणारं रबर (याने खोडायचं नसतं, उजेड उचलायचा असतो) आणि स्वस्त कागदांची जाड वही. वॉटरकलर करणार असाल तर कागदावर मात्र कंजूषी नको, ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड, वजनदार) कॉटनवाला घ्या, पातळ कागद फुगतो आणि आपल्याला वाटतं आपल्यालाच जमत नाहीये. विकायचं चित्र असेल तर रंग लाइटफास्ट आहेत का बघा, रंगीत पेन्सिलींमधले बरेच गुलाबी आणि जांभळे उजेडात उडतात. मांजराचं गुलाबी नाक उडालं तर काय उरलं. पांढऱ्या मिशांसाठी पेन्सिल लावायच्या आधीच कागदावर बोथट सुईने दाबून रेघ ओढून ठेवायची, वरून रंग फिरवला की ती खाच पांढरी राहते, पण चुकली की चुकली, परत नाही.

कामाचा भाग. हे मला कुणी सांगितलं नव्हतं म्हणून सांगते. एकाने माझ्याकडून मोठं चित्र करून घेतलं, तोंडी ठरलेलं, अ‍ॅडव्हान्स नाही, आणि झाल्यावर फोनच उचलला नाही, ते चित्र अजून माझ्या कपाटावर आहे. तेव्हापासून निम्मे पैसे आधी, साधं स्केच दाखवून होकार, त्यानंतर किती बदल फुकट आणि किती नाही हे लेखी, आणि बाकी पैसे आल्यावर चित्र बाहेर. ओळखीच्या लोकांनाही हेच, किंबहुना त्यांनाच जास्त. किंमत ठरवताना फक्त काढायचे तास धरू नका, फोटो बघणं, फोनवर बोलणं, पॅकिंग, सगळं धरा. आणि खरं सांगायचं तर फक्त पोर्ट्रेटवर महिना निघेलच असं नाही, मी क्लास घेते, प्रिंट विकते (चित्र द्यायच्या आधी किमान ३०० डीपीआयला, म्हणजे बारकावे येतील इतक्या बारीक, स्कॅन करून ठेवा), कधी मुलांच्या पुस्तकासाठी काढते. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

बरीचशी कामं गेलेल्या प्राण्यांची असतात. याची तयारी ठेवा. समोरचा माणूस फोनवर रडतो, मध्येच गप्प होतो, आपण घाई करायची नाही. मी त्यांना फोटोंच्या आधी विचारते की तो दारात कसा उभा राहायचा, हाक मारल्यावर आधी काय हलायचं, कान की शेपूट. उत्तरं फार नेमकी येतात, फोटोत नसलेली.

सध्या टेबलावर १६ वर्षांची होऊन गेलेली एक मांजर आहे. शेवटची दोन वर्षं तिचा उजवा डोळा दुधाळ झाला होता आणि सगळे बरे फोटो त्याच काळातले आहेत. मालकीणबाईंनी विचारलंय, दोन्ही डोळे चांगले करून काढता येतील का. आता त्या लॅब्रेडॉरच्या कानानंतर मी नाहीच म्हणायला पाहिजे खरं तर, पण मांजर त्यांची आहे, आणि १४ वर्षं तिचे दोन्ही डोळे चांगलेच होते की. मी दोन स्केच करून पाठवलीत, एक तसं आणि एक असं. अजून उत्तर आलेलं नाही, तोवर पंजे करून घेतेय.